करवतीनं खाल्लेलं

पावण्याच्या एमआयडीसीत, गाळा नंबर सोळा,
दिवसभर मी लोकांच्या किचनची मापं कापतो.
उरलेले पाईनचे तुकडे पॉलिश पेपरवर घासून
रात्री घणसोलीत, आमच्या फरशीवर ओततो.

रेवती पाच वर्षांची.
पहिल्या आठवड्यात बांधलं ते सगळं पडलं.
मी मधे हात घातला नाही.
खोटं कशाला, एकदा घातला.
तिनं तो ठोकळ्यासारखाच उचलून बाजूला ठेवला.

मग रुंद तुकडे आपोआप खाली गेले.
दोन डब्यांवर फळी टाकून वाशीचा खाडीपूल झाला,
पुलाचं एक टोक जमिनीवर आलं तेव्हा घसरगुंडी.
माझी पेन्सिल चपटी, सुताराची,
ती अर्ध्यात अडून बसली.
पडद्याच्या दांडीचा तुकडा मात्र गडगडत
पार फ्रिजखाली.
तिनं फळीखाली अजून एक ठोकळा सरकवला.
"उंच केलं की त्याला घाई होते."
नववीत गणितात आपटलेला माणूस मी,
ते वाक्य वहीत लिहून ठेवलं,
कुणाच्या तरी ट्रॉलीच्या मापांशेजारी.

काल तिनं मला अडवलं.
आठ इंची एक ठोकळा उभा,
शेजारी चार-चारचे दोन, एकावर एक.
वरच्या कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं.
"हे दोघं मिळून एवढे का नाहीत?"
"एकाचे दोन करताना मधलं करवतीनं खाल्लं."
"किती?"
"तीन मिलिमीटर. पातं तेवढं जाड असतं."
"मग ते गेलं कुठे?"

वीस वर्षं रोज झाडून टाकतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
मी शर्टाचा खिसा उलटा केला.

चिमटीनं भुसा उचलून तिनं दोघांच्या मधे भरला,
पुन्हा नख.
आता हेच दोघं उंच.
"जास्त झालं!"
तळव्यानं दाबलं, थोडं बसलं,
थोडं कडेनं सांडलं.
बराच वेळ भुशाकडे बघत राहिली.
"ह्याच्यात ना, मधे मधे काहीच नाहीये."

स्वयंपाकघरातून तिसरी हाक आली.
उद्या रेघ सोडून पातं चालवतो, म्हटलं,
बरोब्बर चार-चार आणतो.
"आण. पण हे टाकू नकोस."
आणि त्या तीन मिलिमीटरच्या पायरीवर चढवायला
मुंगी शोधत
फरशीच्या फटीपाशी जाऊन बसली.