सातवा रकाना

वकील म्हणाले, सातवा रकाना रिकामा ठेवू नका:
अंदाजे नुकसान, आकड्यात आणि अक्षरी.

धुळ्याला पाचकंदिलाजवळ बसून मी हिशेब मांडला.
कॅसेटी काढल्या हजार, किंमत पस्तीस,
खपल्या सहाशे बारा.
उरलेल्या अजून पोत्यात आहेत, सरकीचा वास लागलेल्या.

शिरपूरच्या स्टँडवर हिलाल वीस रुपयांत कार्ड भरून देतो,
दोनशे गाण्यांचं. त्यात माझं एक.
म्हणजे माझे बुडाले दहा पैसे.
"दहा पैसे कसले," वकील म्हणाले, "पस्तीस धरा.
एक कार्ड म्हणजे न खपलेली एक कॅसेट."

मग मी धरत गेलो.
दोंडाईच्याच्या वरातीत नाचणारे दीडशे धरले,
नवरदेवाचा मामा सोडला, तो नुसताच उभा होता.
साक्रीकडे शेळ्यांमागे एक पोरगा,
गळ्यात मोबाइल, मोबाइलात भटू अहिरे.
विचारलं, कॅसेट घेतली असतीस का रे?
"टेप कोठे शे आमनाकडे?"
त्याचेही पस्तीस लिहिले.

बेरीज लाखांत गेली.
एवढी माणसं खरंच कॅसेट घ्यायला आली असती
तर आग्रा रोड बंद पडला असता.

भटू जिनिंगमध्ये गठाणी बांधायचा.
गायचे साडेचार हजार ठरले होते, दोन दिले.
बाकीचे मागायला आला तेव्हा म्हणालो,
पायरसीनं बुडवलं रे, काय सांगू तुला.
तो शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकला.
"मोठा आजार दिखस, शेठ," म्हणाला,
चहा घेऊन गेला.
हिलाल तेव्हा चौथीत होता.

दुसऱ्या कडव्यात भटू एकदा खोकतो.
कापसाचा तंतू असेल घशात.
पुन्हा गायचं तर स्टुडिओचे तासाला तीनशे,
मी म्हणालो राहू दे, ढोलकीत दबेल.
दबला नाही.
पुरावा म्हणून हिलालकडचं कार्ड घेतलं, ऐकलं:
आवाज पातळ, ढोलकी तेलाच्या डब्यासारखी,
खोकला मात्र जसाच्या तसा.
वरातीत पोरं त्या जागी थबकतात,
सगळी एकदम खोकतात,
आणि मग पुन्हा नाचायला लागतात.

सातवा रकाना भरला. आकड्यात, अक्षरी.
अडीच हजार वजा दाखवायला जागा नव्हती,
म्हणून कडेला पेन्सिलीनं लिहिले.

वकिलांनी खोडरबर मागितलं.
ते माझ्या खिशातच होतं.