पाच गुणांचा प्रश्न

रविवारी शाळा भरते इथे.
फोनवर सांगितलं की आई अजून दचकते,
"म्हणजे देवाच्या दिवशी फळा पुसतेस?"
पुसते. देव आम्हांला शुक्रवारी भेटतो मनाम्यात,
सव्वाआठ ते साडेनऊ,
मल्याळी मंडळी दाराशी येऊन उभी राहायच्या आत.

सात वाजता गुदैबियाच्या गल्लीत बस थांबते.
सुग्राबाय परकार एकेक पोर बखोटीला धरून उतरवते,
कुणाची बाटली, कुणाचा स्वेटर, न बघता ओळखते.
"बाय, काल धुळीचा वारा व्हता,
आज तुमच्या प्रार्थनेला अर्धी पोरं खोकनार."
ती मंडणगडची, मी राहुरीकडची.
आमच्या दोघींच्या मराठीत अख्खा घाट आहे,
रोज सकाळी दोन मिनिटांत उतरतो.
मग ती डबे राखत पायरीवर बसते
आणि मी आत जाते.

आत गालिचा, एसीची घरघर,
तिसरीची सव्वीस मुलं, मिटलेले बावन्न डोळे.
(पन्नास. मारिकारचे कधीच मिटत नाहीत.)
कैरोचा मीना क्रूसाची खूण दोनदा करतो,
एक स्वतःची, एक तिकडे राहिलेल्या आजीची.
भाकरीच्या ओळीवर एकदा कुणीतरी विचारलं होतं,
"म्हणजे खुबूस का, टीचर?"
हो म्हटलं. खुबूससुद्धा.

आमचे बापू पाळक होते.
लोंबत्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी हाणली
की सगळी वस्ती अंगणात.
कोण आलं नाही हे त्यांना मोजावं लागत नसे,
उपासना झाली की ते त्या घरी जात, चहा घेत.
मी हजेरीपट भरते.

सहामाहीला धर्मशिक्षणाचा पेपर मीच काढला.
प्रश्न चौथा. तुझा शेजारी कोण? गुण पाच.
उत्तर वर्गात तीनदा घोकून घेतलेलं,
रस्त्यात पडलेला माणूस, पुढे निघून गेलेले दोघे,
थांबलेला तिसरा, त्याचं गाढव.
गाढव लिहिणाऱ्याला मी अर्धा गुण जास्त देते.

रेनिटा कुरियननं लिहिलं,
माझा शेजारी फ्लॅट बत्तीस.
त्यांचा एसी आमच्या भिंतीत वाजतो.
त्यांच्या बाळाचा खोकला मला पाठ आहे.
मंगळवारी रात्रभर चिकटपट्टीचा आवाज येत होता, खर्र, खर्र.
बुधवारी आवाज नव्हता.
दाराबाहेर बाळाची एक चप्पल होती.
पप्पा म्हणाले, हात लावू नकोस.
मी लावला.

एवढंच.
माणूस नाही, रस्ता नाही, गाढव नाही.

मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून बघितलं,
"छान आहे हो, पण धडा कुठाय?"
मी चार दिले.
एक कापला तो स्पेलिंगचा, असं त्यांना सांगितलं.
खरं तर लाल पेन पाचवर जाईना,
ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या रात्री ओट्यापाशी उभी होते.
भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या, एक, दोन, तीन, मग बंद.
सहा वर्षं झाली.
तीन शिट्ट्यांचं काय शिजतं रोज?
डाळ असेल. राजमा नसेल.
ती बाई लिफ्टमध्ये भेटते तेव्हा
आम्ही दोघी आकड्यांकडे बघतो.

सोमवारी प्रार्थनेत नेहमीची ती शांतता आली,
जिच्यात ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं नाव घ्यायचं.
लोला. तैता. डॅडी, दम्मामचे. माझा हॅम्स्टर.
मग रेनिटा, डोळे घट्ट,
"फ्लॅट बत्तीस."
कुणी हसलं नाही.
मीनानं तिसऱ्यांदा क्रूसाची खूण केली.

दाराच्या काचेतून सुग्राबाय दिसत होती,
डोक्यावरची ओढणी सारखी करत,
एका बाटलीचं झाकण घट्ट लावत.
मला आमेन म्हणायचं होतं. उशीर झाला.
मुलं माझ्याआधी म्हणून मोकळी झाली
आणि रांगेत, बोट ओठांवर,
गणिताला गेली.