वाजवून घेताना

रात्री सव्वा वाजता शेवटची गाडी डेपोत शिरते,
मग तिसऱ्या रुळातली वीज काढतात.
काढल्याचा फोन येतो. तरी एतेरी
आधी दांडा टेकवून बघते.
"फोनवर माणूस असतो," म्हणते. बास, एवढंच.

अवलाबारीपासून उतरत, नदीच्या पोटाखालून पलीकडे
चौदाशे पावलं.
मी बत्ती धरतो, ती हातोडी.
दर जोडाला एक टोला आणि मान तिरकी.
ठण्ण. पुढे. ठण्ण. पुढे.
एक बोल्ट सैल, दोन पिळे, पुढे.
वर मत्क्वारी वाहत असते म्हणतात,
खाली नुसता भिंतींना घाम.

तिचा बाप इमेरेतीत रांजण घडवायचा,
वाइन घालून जमिनीत पुरायचे, माणूस उभा मावेल एवढे.
गिऱ्हाईक यायच्या आत तोच वाजवून बघायचा.
बद्द आवाज आला की स्वतःच्या हाताने फोडायचा
आणि त्या दिवशी घरात कुणी बोलायचं नाही.
ती तिथून कान घेऊन आली.
अठ्ठावीस वर्षं या बोगद्याला पुरला.

यंदा मार्चात नवी ढकलगाडी आली,
रुळाच्या आत आवाज सोडून परत येतो का पाहणारी.
बाराशे सहाव्या पावलावर
तिच्या पडद्यावर एक काटा उभा राहिला.
एतेरीने टोला दिला. ठण्ण.
पुन्हा दिला. ठण्ण.
उजवा कान. डावा कान.
मग गुडघे टेकून, गाल जवळजवळ रुळाला लावून.

मी बत्ती दुसरीकडे वळवली.

उठली तेव्हा कपाळाला काळं लागलेलं.
खडूची रेघ ओढली, नेहमीपेक्षा जाड,
वही माझ्या हातातून घेतली
आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं:
आत चीर. टोल्याला कळली नाही.
टोला देणारी, एतेरी गोगेलिया.
गाडी ताशी पंधरा.

सहाची गाडी तिथे मुंगीच्या पावलांनी आली.
कुणीतरी घड्याळ बघून मेट्रोला शिव्या हासडल्या.
समोरच्या बाकावर एतेरी, मांडीवर डब्याची पिशवी,
पेंगत होती.
बरोबर त्या जागी डोळे उघडले, मिटले.

रविवारी पहाटे रूळ कापून नवा बसवला.
जुन्यातला हातभर तुकडा तिने मागून घेतला,
दोघांनी धरून वर आणला.
आता चहाच्या वेळी दोन विटांवर ठेवून वाजवते.
"ऐक," म्हणते मला.
मला ठण्णच ऐकू येतं.
तिला काय येतं, विचारलं नाही अजून.
चहा गार होतो, ती पुन्हा हातोडी उचलते.