विनातारण

आमच्या खात्यात देव नाही, शक्यता आहे.
मनामात, बाराव्या मजल्यावर, समुद्राकडे पाठ करून
मी माणसांना गुण देते.
पगार किती, कंपनी कुठल्या यादीतली,
व्हिसा अजून किती महिने,
कुटुंब इथे की तिकडे.
तिकडे असेल तर गुण कमी.
ज्याचं सगळं तिकडे, तो एका रात्रीत तिकडे.

विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाड्या सापडतात,
किल्ली चाकावर, काचेवर बोटभर धूळ.
त्यांच्या मालकांना आम्ही 'उडालेले' म्हणतो.
शेकडा किती उडतील हे मला माहीत असतं,
कोण, ते कधीच नाही.
व्याजदर म्हणजे काय, तर
उडालेल्यांचे पैसे
राहिलेल्यांनी भरायचे.
हे वाक्य मी कमिटीत जरा वेगळं मांडते.

शमसुद्दीन सारंग, वय एकेचाळीस, एसी मेकॅनिक, गाव दाभोळ.
मागणी नऊशे दिनार. कारण: बहिणीचं डायलिसिस.
कारणाला गुण नसतात.
सहाशे चाळीस लागतात, त्याला सहाशे अकरा.
कंपनी यादीबाहेरची. मागचं कर्ज एकही नाही.
ज्यानं कधी कुणाकडून काही घेतलं नाही
त्याच्याबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नसतं.

नकार एसएमएसनं जातो, तोंड बघावं लागत नाही.
पण त्याच आठवड्यात आमच्या मजल्याचा एसी गळायला लागला
आणि शिडीवर हाच,
दातांत स्क्रू धरून माझ्या टेबलावरची पाटी वाचत.
आडनावावरून ओळखलं त्यानं.
मी उगाच सांगून टाकलं, तो नकार माझ्या हातचा.
त्यानं स्क्रू तोंडातून काढला, शर्टाला पुसला.
"तुमचा नाय बाय, मशीनचा. आमची भिशी हाय."

गुदैबियातली खोली. चौदा माणसं,
मल्याळी, नेपाळी, दोघं बंगाली, एक हा.
जुन्या सर्व्हिस रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर हिशेब.
महिन्याला तीस-तीस.
पहिल्या दोन्ही उचली त्यालाच दिल्या,
वरचे साठ मेसवाल्यानं घातले.

धंद्याची सवय. मी विचारलं, तारण काय?
"काय असणार."
कुणी बुडवलं तर?
"एकदा झाला. दिलबहादूर. उचल घेऊन रातोरात गेला.
त्याचे तीस आम्ही वाटून घेतले, कोणी दोन, कोणी तीन, सात महिने."
मग?
"मग काय. वरचा पलंग त्याचाच हाय अजून.
चादर बदलतो आम्ही.
परत आला तर झोपल कुठे?"

पुढच्या तिमाहीत यादीतली एक कंपनी बुडाली.
अ वर्ग. साडेतीनशे कर्जदार,
सगळ्यांना मी सातशेच्या वर गुण दिले होते.
पंधरा दिवसांत पार्किंगला जागा उरली नाही.
कमिटीनं विचारलं, कुठे चुकलं?
मी आलेख दाखवले. चूक आलेखात बसत होती,
अपेक्षेपेक्षा थोडी उंच, इतकंच.

आमच्याकडे पत गेली म्हणजे
माणूस चार दिवस घराबाहेर पडत नाही.
इथे पत म्हणजे तीन आकडे,
दर पाच तारखेला ताजे.
दार लावून मी माझेही काढून पाहिले:
कराराची नोकरी, नवरा साताऱ्यात, मुलगा तिकडेच.
सहाशे अठ्ठेचाळीस.
आठ गुणांवर उभी आहे मी या शहरात.

काल उशिरापर्यंत थांबले.
सारंगनं लावलेला एसी आवाज न करता चालत होता.
मॉडेलच्या नव्या आवृत्तीत
कुणाला न विचारता एक रकाना वाढवला,
नाव दिलं: पलंग.
सिस्टीमनं विचारलं,
आकडा की मजकूर?