आडनावाचा रकाना

टेंभुर्णे ब्रोकर म्हणाला, मॅडम, पार्टी फॉरेनची आहे,
कापसाच्या किडीवर पीएचडी करून राहिली,
मटण-मच्छीचं तर तुम्हाला काही नाहीच.
म्हटलं, आण दोन वाजता.

दोन वाजता मी किल्ली घेऊन फाटकाशी.
ऑक्टोबरचं ऊन. मनीषनगरचं रेल्वे गेट
तीनदा पडलं, तीनदा उचललं.
ती आली रात्री आठला,
दोन बॅगा, आणि उराशी एक काळं मातीचं भांडं.
"दोनच वाजले नं," म्हणाली.
तिच्या देशात सूर्य बुडाला की
घड्याळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात.
एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
कुणाची रात्र कुणाच्या दुपारला जोडून दिली,
पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग सी-फॉर्म. परदेशी माणूस घरात घेतला
की चोवीस तासांत भरावा लागतो.
पहिल्याच पानावर: आडनाव.
ती म्हणाली, नाही.
नाही म्हणजे?
नाहीच. मी सेलामाविट. बाप तेस्फाये.
त्याच्यामागे त्याचा बाप. त्याच्यामागे डोंगर.
डॅश टाकला, कॉम्प्युटर घेईना.
टेंभुर्णे हसला, "आडनावच नाही, मग कळते कसं?"
काय कळते, ते तो बोलला नाही.
मीही विचारलं नाही.

एकोणऐंशी साली नोकरी लागली
तेव्हा खोली शोधत मी याच शहरात फिरले होते.
पहिल्या घरी पाणी दिलं, मग आडनाव विचारलं.
दुसऱ्या घरी आधी आडनाव. पाणी राहूनच गेलं.
तिसऱ्या बाईनं खोली दाखवली, मोरी दाखवली,
खिडकीतला कडुलिंबसुद्धा दाखवला,
आणि नाव-गाव ऐकल्यावर म्हणाली,
अगं, आमचा पुतण्या येणार आहे म्हणतो.
तो पुतण्या अजून यायचाच असेल.

बापाचं नाव त्या रकान्यात बसवलं शेवटी.
तेस्फाये म्हणजे काय गं?
"माझी आशा."
सरकारनं ते मान्य केलं.
पत्ता मात्र लाल झाला:
निळ्या टपरीमागे, चर्चच्या उतारावर,
सिमेंटच्या दुकानात विचारा.
मला तर लगेच सापडलं असतं ते घर.
माझंही असंच सापडते, पाण्याच्या टाकीमागे,
तिडके डेअरीत विचारा.

पहिल्या रविवारी वरून धूर.
मी बादली घेऊन जिना चढले, गुडघे विसरून.
ती खाली गवत पसरून बसलेली,
तव्यावर कॉफीच्या बिया भाजत.
कप तीन प्यायचे. पहिला कडक, दुसरा मवाळ,
तिसरा आशीर्वादाचा, तो टाकून उठायचं नसते.
बादली दाराशी ठेवली. बसले.

मे महिन्यात तिला कूलरच्या ताट्या भिजवायला शिकवल्या.
सेहेचाळीस डिग्रीत ती अंगठ्याएवढ्या शेंदरी अळ्या
बाटलीत घालून आणायची,
(अंगठ्याएवढ्या नव्हत्या. मला तशा दिसायच्या.)
मी म्हणायची, बाई, खाली नको आणू.

करार अकरा महिन्यांचा, सगळ्यांचा असतो तसा.
पाच सप्टेंबरला संपला.
सहाला ती खाली आली, बॅगा भरलेल्या,
विमान अकराला. पाच दिवस हॉटेल बघते म्हणाली.
तुझ्याकडे कोणता महिना सुरू आहे?
"तेरावा. पाच दिवसांचा असतो."
मी करार काढला, चष्मा लावला,
सगळी पानं उलटून पाहिली.
म्हटलं, तेराव्या महिन्याचं भाडं
यात कुठं लिहिलेलं नाही.

आता वरची खोली रिकामी. गवताच्या काड्या
अजून फरशीच्या फटीत.
टेंभुर्णेचा फोन येतो:
चांगली पार्टी आहे मॅडम, आणि आडनाव सांगतो.
नाव सांग, म्हणते मी.
सांगितलं नं.
ते नाही. नाव.
तिकडे तो कागद चाळत राहतो.