चौदा स्लाइड्स, एक टॉवेल

रात्री साडेदहाला वडील खुर्ची ओढून बसले.
समोर मी, मागे भिंत,
कॅलेंडर काढून तिथं पाडलेला उजेडाचा चौकोन,
ऑफिसातून मागून आणलेला प्रोजेक्टर आणि चौदा स्लाइड्स.
"चेप्पु," म्हणाले. सांग.

अठ्ठावीस वर्षं यंत्रमागावर काढली त्यांनी
आणि कान तिथंच ठेवून आले,
अशोक चौकामागच्या शेडमध्ये, बत्तीस मागांच्या खटखटाटात.
डॉक्टरनं दिलेलं यंत्र ते टीव्हीवर ठेवतात,
गणपतीशेजारी.
आईनं विड्यांचं सूप मांडीवरून उतरवलं नाही.
तिला ऐकू येतं,
पण टॉवेलची निर्यात ऐकायची नव्हती.

मी सुरू केलं. सुस्वागतम. आमची कंपनी. आमचं व्हिजन.
भिंतीकडे वळून वाचत गेले
वजन, वीण, रंगाचा पक्केपणा,
घोटून घोटून गुळगुळीत केलेली वाक्यं.
सहाव्या स्लाइडला मागं पाहिलं
तर वडील पायाचं नख कापत होते.
"संपलं?" म्हणाले. "भिंतीला पटलं का?"

मग उठले, मला खांद्याला धरून वळवलं.
"शेडमध्ये कुणाचाच आवाज पोचत नाही, पोरी.
लक्ष्मय्याला सांगायचंय, तिसऱ्या मागाचा ताणा तुटला.
काय करायचो?
आधी त्याची नजर धरायची.
मग तोंड मोठं करून एक गोष्ट. एकच.
मग थांबायचं.
त्यानं मान हलवली, तरच दुसरी.
आणि हात बाहेर काढ. हात लपवणाऱ्याला
आम्ही कधी धोटासुद्धा उसना दिला नाही."

आई सुपातूनच म्हणाली,
"मला मागणी अशीच घातली यांनी, चार मागांपलीकडून.
मी वाचलं, पगार झाला का.
मान हलवून मोकळी झाले."

एक वाजेपर्यंत चौदाच्या पाच झाल्या.
व्हिजनवर वडिलांनी नुसती फुंकर मारली.

सकाळी होटगी रोडचं हॉटेल. बाहेर बेचाळीस, आत सोळा.
चेन्नईचे तिघं, पुण्याच्या सरनाईक बाई,
आणि आमचे बिपिनभाई, माझ्याहून जास्त घामेजलेले.
हातातल्या पॉइंटरचा लाल ठिपका
पडद्यावर माशीसारखा भिरभिरायला लागला.
तो खाली ठेवला.
बाईंची नजर धरली.
पिशवीतून घरचा टॉवेल काढला,
वडिलांचा, सहा वर्षं वापरातला,
कडेला हळदीचा न गेलेला डाग.
"हा रोज धुतला जातो," म्हटलं,
आणि थांबले.

गप्प बसणं इतकं लांबलचक असतं हे माहीत नव्हतं.
बिपिनभाईंनी खोकून ते भरायला घेतलं.
मी डोळे हलवले नाहीत.
बाईंनी टॉवेल ओढला, बोटांत चुरगाळला,
नाकाशी नेला,
आणि मान हलवली.
मग दुसरी गोष्ट.

शेवटी चेन्नईच्या उंच माणसानं विचारलं,
"रंगाईत किलोमागे पाणी किती लागतं?"
कालची मी असते तर फेकला असता एखादा आकडा,
दिसायला देखणा.
"आत्ता सांगता येणार नाही. चारपर्यंत कळवते."
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.
काय, ते कळलं नाही.
ओठ वाचता येतात, वही नाही.

चाराला दहा कमी असताना आकडा पाठवला.
उत्तरात फक्त "मिळालं."

संध्याकाळी सात रस्त्याला वडील उभे होते,
पलीकडे, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी.
मधून सिटी बस, रिक्षा, कुणाची तरी वरात.
त्यांनी तोंड मोठं केलं. मग?
मी हात वर केले, दोन्ही,
आणि आवाज न काढता सांगितलं,
टॉवेल परत दिला नाही त्यांनी.

वडिलांनी मान हलवली.
काय वाचलं देव जाणे,
गाडेवाल्याला दोन ग्लास सांगितले.
मी रस्ता ओलांडायला घेतला,
दुसरी गोष्ट सांगायची होती.