ती दुसरी नोझुको

म्थाथाच्या कचेरीत कारकून म्हणाला,
"आई, तुम्हाला घर मिळालंय. अकरा वर्षं झाली.
ही बघा सही."

नोझुको मकालिमाने चष्मा पुसला.
सही वळणदार होती,
शाळेत गेलेल्या बाईची.

नगरसेवकाच्या मेहुण्याचं तिने विचारलं नाही.
सिमेंटच्या गोण्या रात्री कुठे उतरल्या,
तेही नाही.
एवढंच म्हणाली,
"त्या घरात राहते ती नोझुको
बरी आहे ना?
नळाला पाणी येतं तिच्या?
जूनच्या थंडीत गुडघे धरतात का?"

कारकुनाने नवा अर्ज पुढे सरकवला.
"अंगठा इथे."
शाई जरा जास्तच लागली.

चढण चढून ती खोपटाशी आली,
पत्र्याचं दार ढकललं,

आणि दारावर उमटली
निळी, ओली,
तिची सही.